आईला आठवायचं थांबवू का?

प्रश्न : माझं वय ४६. आई जाऊन दीड वर्ष झालं. शेवटच्या संध्याकाळी तिच्याजवळ मी एकटीच होते. ‘तू जा आता, दमलीयस,’ असं ती म्हणाली. माझ्याशी ती बोलली ते एवढंच शेवटचं. ते वाक्य मी रोज मनात घोळवत असे. काही महिन्यांपूर्वी एका मेंदूशास्त्रज्ञाच्या संशोधनाबद्दल वाचनात आलं. आठवण काढली की ती सैल होते, मेंदू ती पुन्हा साठवतो आणि तेव्हा ती आधीसारखी राहत नाही, असं त्यात होतं. तेव्हापासून आई मनात आली की मी उठते आणि कामाला लागते. त्यात भाऊ म्हणतो, हे वाक्य आई आदल्या दिवशी म्हणाली आणि तेव्हा तोही खोलीत होता. माझ्या आठवणीत तो नाहीच. फोनमध्ये आईचा एक व्हॉइस मेसेज आहे. तो ऐकायचं धाडस होत नाही, कारण ऐकून ऐकून मनातला आवाजही बदलला तर? आणि आता तर तो आवाज हवा तेव्हा आठवतही नाही. मला विसरण्याचा आजार होतोय का? आईला आठवायचं थांबवू का?
– एक मुलगी

उत्तर :

थांबवू नका. बाकीचं सविस्तर लिहितेच, पण मधेच उठून कामाला लागायची सवय तुम्हीच सांगितली आहे, म्हणून मुख्य उत्तर आधी देऊन टाकलं.

तुम्ही जे वाचलंत ते खोटं नाही, अर्धवट आहे. मेंदूवरच्या संशोधनाच्या बातम्यांचं हे जुनं दुखणं. प्रयोगातला दचकवणारा भाग छापून येतो आणि ज्या भागामुळे त्याचा खरा अर्थ कळेल तो जागेअभावी गळतो. मेंदूविज्ञान शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, तेव्हा हा गळलेला भाग तुम्हाला देणं माझं कामच आहे.

तुमच्या वर्णनावरून तुम्ही वाचलंत ते बहुधा करीम नादर यांच्या प्रयोगाबद्दल, किंवा त्यातून पुढे निघालेल्या कामाबद्दल. साल २०००, न्यूयॉर्क विद्यापीठ, जोसेफ लेडू यांची प्रयोगशाळा. उंदराला एक सूर ऐकवायचा आणि सूर संपता संपता पायाला विजेचा झटका द्यायचा. दुसऱ्या दिवशी झटका नाही, नुसता सूर. सूर कानावर पडताच उंदीर जागच्या जागी थिजतो. श्वासापुरती छाती हलते, बाकी अंग दगड. असा तो किती वेळ थिजला हे मोजायचं, की त्याला कालचा झटका किती आठवतो याचं माप मिळतं. आता नादर यांनी केलं ते असं : सूर ऐकवून उंदराची आठवण जागी झाल्यावर लगेच त्याच्या मेंदूतल्या अमिग्डला या भागात ॲनिसोमायसिन नावाचं औषध सोडलं. भीतीच्या आठवणी या भागाशी घट्ट जोडलेल्या असतात. आणि हे औषध पेशीला नवी प्रथिनं बनवू देत नाही. पुढच्या दिवशी सूर वाजला तेव्हा हे उंदीर फारसे थिजले नाहीत. आठवण एकदा पक्की झाली की कायमची, असा तोवरचा समज होता. तो इथे मोडला. आठवण जागी झाली की थोडा वेळ ती सैल असते आणि पुन्हा घट्ट व्हायला तिला नवी प्रथिनं लागतात, असा निष्कर्ष निघाला. (तसा इशारा १९६८मधल्या एका प्रयोगातही मिळाला होता, पण तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. विज्ञानालाही आपल्याच गोष्टींचा विसर पडतो.)

बातमी इथे संपते. प्रयोगात मात्र आणखी उंदीर होते. काहींना सूर न ऐकवता नुसतंच औषध दिलं. त्यांची आठवण शाबूत राहिली. काहींना सूर ऐकवला, पण औषधाऐवजी साधं द्रावण दिलं. तेही पुढच्या दिवशी व्यवस्थित थिजले. म्हणजे आठवण जागी झाली, सैल झाली आणि आपसूक पुन्हा बसलीसुद्धा. बाई, तुम्ही या शेवटच्या गटात आहात. तुमच्या मेंदूत कुणी ॲनिसोमायसिन सोडत नाहीये. शिवाय सूर ऐकवल्यावर सहा तासांनी औषध दिलं तर त्याचा परिणाम झाला नाही. सैलपणाची मुदतच तेवढी छोटी. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत इतरांनी केलेल्या कामातून हेही दिसलं, की प्रत्येक आठवण दर वेळी अशी सैल होतेच असं नाही. जुन्या आणि खोल रुजलेल्या आठवणी सहजी उघडत नाहीत. उघडायला बहुतेक वेळा काहीतरी अनपेक्षित घडावं लागतं, म्हणजे मेंदूला जे अपेक्षित होतं त्यापेक्षा वेगळं काही समोर यावं लागतं. आणि ते साहजिकच आहे. नवी माहिती आली तर जुन्यात भर घालता यावी म्हणून तर ही सोय. जिथे कधी झटका बसला होता तिथे आता धोका उरलेला नाही, हे ज्या प्राण्याला शिकताच येत नाही त्याचं जगणं कठीण.

मग आठवण म्हणजे पेशीत नेमकं असतं तरी काय? हे समजल्याशिवाय तुमची धास्ती मुळापासून जाणार नाही, असं मला वाटतं. त्यासाठी एरिक कँडेल यांच्याकडे जाऊ.

त्यांचा जन्म १९२९चा, व्हिएन्नातला. नवव्या वाढदिवसाला त्यांना एक निळी खेळण्यातली मोटार मिळाली. दोनच दिवसांनी, नोव्हेंबर १९३८मध्ये, नाझी राजवटीचे पोलीस दारावर धडकले आणि या ज्यू कुटुंबाला घराबाहेर काढलं. काही दिवसांनी ते परतले तेव्हा घरातल्या किमती वस्तूंबरोबर ती मोटारही गेलेली होती. पुढच्या वर्षी हा मुलगा अमेरिकेत पोचला. दारावरची ती थाप आपल्या मेंदूत जन्मभरासाठी कशी कोरली गेली, या कुतूहलाशी आपल्या संशोधनाचं नातं आहे, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. तिथून सुरुवात करायची तर आयुष्य पुरायचं नाही. कँडेल यांनी निवडली ॲप्लिशिया नावाची समुद्री गोगलगाय. तिच्या सगळ्या मिळून सुमारे २०,००० चेतापेशी, आणि त्यातल्या काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांना दिसाव्यात. गोगलगायीवरून माणसाच्या स्मृतीचं काय कळणार, म्हणून अनेक ज्येष्ठांनी त्यांना परोपरीनं समजावलं. त्यांनी ऐकलं नाही, हे बरं झालं.

या गोगलगायीला श्वासासाठी एक नाजूक कल्ला असतो आणि त्याच्या शेजारी पाणी बाहेर टाकणारी एक नळी. नळीला हलकेच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढून घेते. तसाच हलका स्पर्श पुन्हा पुन्हा करत राहिलं की तिला कळतं, यात काही घाबरण्यासारखं नाही. ओढणं मंदावत जातं. आता तिच्या शेपटीला एक झटका द्या आणि मग तोच हलका स्पर्श करा. कल्ला झपकन आत जातो आणि बराच वेळ आतच राहतो. एका झटक्याचा हा धाक काही मिनिटं टिकतो. मधे मधे विसावा देत चार-पाच झटके दिले तर कित्येक दिवस टिकतो. तुमच्या-माझ्या तात्पुरत्या आणि पक्क्या आठवणींचा फरक एवढ्याशा जिवात उघड दिसतो.

आणि तो पेशीत दिसतो, हे कँडेल यांचं काम. झटका बसला की काही पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. स्पर्श जाणणाऱ्या पेशीच्या टोकावर ते पोचलं की आत सायक्लिक एएमपी नावाचा रेणू वाढतो. तो एका एन्झाइमला कामाला लावतो. ते एन्झाइम पोटॅशियमच्या काही वाटा थोडा वेळ बंद करतं, त्यामुळे पेशीतला विजेचा स्पंद जरा लांबतो, कॅल्शियम जास्त आत येतं आणि पुढच्या पेशीकडे ग्लुटामेट नावाचा रासायनिक निरोप नेहमीपेक्षा जास्त सुटतो. दोन पेशींमधली फट केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाइतकी. तिच्या अलीकडून पलीकडे गेलेला निरोप तेवढ्यापुरता ठसठशीत झाला. नवं काही बांधलेलं नाही, म्हणून काही मिनिटांत सगळं पूर्ववत. पण झटके पुन्हा पुन्हा बसले तर तेच एन्झाइम पेशीच्या केंद्रकात शिरतं, तिथे क्रेब नावाच्या प्रथिनाला चालना देतं आणि जनुकं चालू होतात. नवी प्रथिनं बनतात आणि पेशीला नवे जोड फुटतात. क्रेग बेली आणि मेरी चेन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे जोड चक्क मोजले. स्पर्श जाणणाऱ्या एका पेशीचे जोड सुमारे १,३०० होते ते जवळपास दुप्पट झाले. सराव ओसरल्यावर त्यातले बरेचसे मागेही घेतले गेले. या कामासाठी कँडेल यांना २०००चं नोबेल विभागून मिळालं.

तुमच्या आईची आठवण अशी आहे. ती अंगाचाच भाग आहे, पेशींच्या जोडांत गुंफलेली. आणि ती एका जागी नाही. हेन्री मोलेसन नावाच्या रुग्णाच्या मेंदूतला दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा) मोठा हिस्सा १९५३मध्ये फिट्‌स थांबाव्यात म्हणून काढला गेला. त्यानंतर त्याच्या नव्या आठवणी बनणं थांबलं, पण लहानपणीच्या बऱ्याच आठवणी राहिल्या. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो म्हणायचा की हे मी पहिल्यांदाच करतोय. आईचा आवाज, तिची चाल, तिनं हात धरून शिकवलेलं काम, हे सगळं मेंदूत ठिकठिकाणी पसरलेलं आहे. एका वाक्यात फरक पडला म्हणून सगळं ढासळेल, अशी त्याची रचनाच नाही.

आता तुम्ही ज्या गृहीतावर वागताय त्याकडे येते. हात लावला नाही तर आठवण जशीच्या तशी राहील, हे ते गृहीत. तसं होत नाही. फ्रान्सिस क्रिक यांनी, डीएनएची रचना सांगणाऱ्या त्याच क्रिकनी, १९८४मध्ये एक साधा प्रश्न विचारला : पेशीतले बहुतेक रेणू काही दिवसांत किंवा महिन्यांत मोडून बदलले जातात, मग आठवण अनेक दशकं टिकते कशी? म्हणजे मेंदू ती सतत नव्यानं राखत असला पाहिजे. २०२४मध्ये टॉड सॅक्टर आणि आंद्रे फेंटन यांच्या गटानं उंदरांत दाखवलं, की बळकट झालेल्या जोडांवर किब्रा नावाचं एक प्रथिन ठाण मांडून असतं आणि ते आठवण राखणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला तिथे धरून ठेवतं. जुने रेणू जातात, नवे त्याच ठिकाणी येऊन बसतात. तुम्ही आईला आठवा की नका आठवू, ही डागडुजी अहोरात्र चालूच आहे. घडी न मोडता वर्षानुवर्षं ठेवलेलं रेशमी वस्त्र घडीवरच विरतं. तुम्ही नेमकं तेच करायला निघाला आहात.

याला पुरावा आहे, आणि तो माणसांवरचा आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आठवण काढणं हीच आठवण टिकवायची मोठी रीत निघाली. याची उलटी बाजू अँडरसन आणि ग्रीन यांनी २००१मध्ये दाखवली. शब्दांच्या जोड्या शिकवल्या आणि मग सांगितलं, काही जोड्यांतला पहिला शब्द दिसला की दुसरा मनात येऊच द्यायचा नाही. असं अनेकदा दाबलेले शब्द नंतर आठवायला सांगितले तर ते कमी आठवले. फरक मोठा नव्हता, पण मोजता येण्यासारखा होता. शब्दांची जोडी कुठे आणि आई कुठे, हे मान्य. तरी आई मनात आली की उठून कामाला लागणं, हा त्याच जातीचा प्रयोग तुम्ही महिनोन्‌महिने स्वतःवर चालवला आहे. जे जपायचं म्हणून तुम्ही हे सुरू केलंत, त्याच्याच मुळावर हे येतंय.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे आठवण बदलत नाही तर! बदलते. तेही सांगायला हवं, नाहीतर मीही त्या बातमीसारखी अर्धवट ठरेन.

२८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आतच नष्ट झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात उलरिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, तेव्हा काय करत होतात. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. सुमारे पाव जणांचं एकही उत्तर आधीच्या कागदाशी जुळेना. खात्री मात्र ठाम. त्यांच्याच हातचा जुना कागद पुढ्यात ठेवला, तरी नवी आठवण काही हटेना. अक्षर माझंच आहे, पण झालं होतं ते असं नाही, या छापाची उत्तरं मिळाली. यान नष्ट झालं हे कुणीही विसरलं नव्हतं. त्या बातमीनं बसलेला धक्काही खरा होता. हलले ते तपशील : खोली कोणती, सोबत कोण, आधी काय आणि नंतर काय.

तुमच्या आणि भावाच्या वादात नेमकं हेच हललंय. कोणता दिवस आणि खोलीत कोण. ‘तू जा आता, दमलीयस’ याबद्दल तुम्हा दोघांत दुमत नाहीच, हे तुमच्या लक्षात आलं का? आईनं काळजीनं तुम्हाला घरी धाडलं, हे दोघांच्याही आठवणीत आहे. इतक्या ताणाच्या दिवसांत दोन साक्षीदारांचं एका वाक्यावर एकमत असणं ही मला तर मोठी गोष्ट वाटते.

दिवस एकमेकांत का मिसळतात, याचाही थोडा माग लागला आहे. २०१६मध्ये कॅलिफोर्नियात अल्सिनो सिल्व्हा यांच्या गटानं उंदरांना दोन नव्या जागा दाखवल्या. दोन्हींत पाच तासांचं अंतर असलं तर दोन आठवणींत सामील झालेल्या पेशी बऱ्याच प्रमाणात त्याच असत. अंतर सात दिवसांचं असलं तर पेशी बऱ्याचशा वेगळ्या. एकदा उत्तेजित झालेली पेशी काही काळ पुढच्या आठवणीत ओढली जायला तयार असते, आणि तिथेही ते क्रेब प्रथिन आहेच. माणसाच्या दोन संध्याकाळींना हे जसंच्या तसं लागू करणं धाडसाचं होईल. पण तीच खोली, तीच खुर्ची, तोच थकवा, झोप नाही, आणि लागोपाठचे दोन दिवस. त्यांच्या आठवणी पेशींच्या पातळीवर एकमेकींत गुंतल्या तर मला मुळीच नवल वाटणार नाही. भाऊ खोटं बोलत नाहीये. तुम्हीही नाही. कोण बरोबर, हे ठरवायला तिसरा पुरावा नाही, आणि तो शोधायच्या फंदात पडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

असलं काही फक्त आपल्यासारख्यांच्याच बाबतीत होतं असंही नाही. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला पेशी एकमेकींशी रसायनांतून बोलतात हे दाखवणारा प्रयोग झोपेत सुचला. त्यानं अर्धवट जागं होऊन कागदावर खरडला, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तेच पुन्हा सुचलं तेव्हा गडी अंथरुणातून उठला तो थेट प्रयोगशाळेत गेला आणि बेडकाच्या दोन हृदयांवर तो प्रयोग करूनच थांबला. त्यावर १९२१मध्ये लेख आला, १९३६मध्ये नोबेल मिळालं. ही हकिकत त्यानं पुढे अनेकदा सांगितली, आणि सांगता सांगता तिचे तपशील इतके सरकले की इतिहासकार अजून तारखा जुळवत बसतात. प्रयोग मात्र खराच होता.

आवाजाचं. हवा तेव्हा आवाज मनात उभा करणं अवघड असतं, चेहऱ्यापेक्षाही अनेकांना अवघड वाटतं. पण ऐकल्यावर ओळखणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती खूप सोपी असते. आपणहून आठवायला मेंदूला धागा स्वतः शोधावा लागतो, ओळखताना धागा समोरच असतो. तो मेसेज लावलात तर पहिल्या अर्ध्या शब्दातच आई ओळखू येईल. येणार नाही अशी शंकासुद्धा तुमच्या मनात नसेल, बघा विचारून स्वतःला. म्हणजे आवाज गेलेला नाही. त्यातून महिनोन्‌महिने तुम्ही त्याच्यापासून लांब पळताय, आणि सततच्या ताणात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक आठवण बाहेर काढण्याच्या कामात अडथळा आणतं, हेही माणसांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. मेसेज ऐकल्यानं मनातला आवाज बदलला तरी तो कुठे जाईल? खऱ्या आवाजाकडेच ना? मूळ तुमच्याकडे आहे. चॅलेंजरच्या त्या विद्यार्थ्यांहून तुमचं नशीब चांगलं, कारण मूळ समोर आल्यावर ते नाकारायचं तुम्हाला काही कारण नाही.

आजाराबद्दल. तुम्ही लिहिलेल्या पत्रात तारखा, क्रम, वाचलेलं, भावाचं म्हणणं, सगळं नीट लागलेलं आहे. विसराळूपणाच्या आजाराची शंका मला त्यात दिसली नाही. मात्र मी तुम्हाला तपासलेलं नाही. तेच तेच थोड्या वेळानं पुन्हा विचारलं जातंय, रोजच्या रस्त्यावर चुकायला होतंय, पैशांचे साधे व्यवहार गोंधळतायत आणि हे तुमच्यापेक्षा घरच्यांना जास्त जाणवतंय, असं काही असेल तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, अपुरी झोप, नैराश्य, काही औषधं, यांनीही आठवणीवर परिणाम होतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. दीड वर्षानंतरही दुःख जराही हलकं झालं नसेल, दिवसाची कामं अडत असतील, तर समुपदेशकाशी बोला. ते बोलणं आईला विसरण्यासाठी नसतं.

तर आता करायचं काय? आई मनात आली की उठू नका. येऊ द्या. मुद्दाम तोच एक प्रसंग रोज उगाळायचीही गरज नाही. त्याची गंमत अशी होते, की एकच वाक्य इतकं घासलं जातं की शेजारचं सगळं मागे पडतं. तिच्याबरोबरची ४४-४५ वर्षं तुमच्याकडे आहेत. शेवटच्या दोन दिवसांनी ती सगळी जागा का घ्यावी? तिचं चिडणं, तिचं हसणं, तुम्हाला पटलं नव्हतं असं तिचं एखादं वागणं, तेही येऊ द्या.

एक वही घ्या आणि जे जसं आठवतंय तसं लिहा. वर तारीख टाका, आईची नव्हे, लिहिण्याची. वर्षभरानं वेगळं आठवलं तर जुनं खोडू नका, खाली नवं लिहा आणि त्यालाही तारीख द्या. भावालाही सांगा, पण तुमचं लिहिलेलं त्याला आधी दाखवू नका. त्याचं त्याला लिहू दे. एकमेकांचं ऐकून आठवणी एकमेकींसारख्या होतात, हेही स्मृतीच्या अभ्यासकांनी वारंवार पाहिलेलं आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवाल तेव्हा कुणाचं बरोबर हा प्रश्न सोडून द्या. त्याच्या कागदात आईच्या अशा दोन-चार गोष्टी निघतील ज्या तुमच्याकडे नव्हत्याच, तेवढ्या वाचा.

मेसेज ऐका. एकटीनं नको वाटलं तर भावाबरोबर ऐका. आज जमत नसेल तर पुढच्या महिन्यात. पण त्याआधी, म्हणजे हे पत्र वाचून झाल्या झाल्या, त्या मेसेजच्या दोन प्रती काढून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातली एक भावाला पाठवा. मेंदूतल्या आठवणीची डागडुजी पेशी करतात, फोनमधल्या फाइलची कुणी करत नाही, आणि फोन बिघडायला एक दिवस पुरतो.